उन्हाळ्यात ऐकायचं स्मूद जॅझ आणि वर्ल्ड फ्युजन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

होळी झाली की मी ओळखीच्यांना उन्हाळ्यात ऐकायच्या संगीताची एक यादी पाठवतो. यादी गेली की प्रश्न येतात आणि दरवर्षी ते बहुतेक तेच असतात. म्हणून या खेपेला उत्तरंच एकत्र लिहून ठेवली. मी नागपूरचा, त्यामुळे इथे 'उन्हाळा' म्हणजे समुद्रकिनारा आणि रंगीत छत्र्या नव्हेत. ४५ अंश, लावून घेतलेल्या खिडक्या आणि वाळ्याच्या ताट्यांचा कूलर, असा अर्थ घ्यावा.

स्मूद जॅझ म्हणजे नेमकं काय?

सुरावट आणि वाद्यांचं बोलणं जॅझचं, खालचा ठेका सोल आणि आर अँड बी (ऱ्हिदम अँड ब्लूज) या कृष्णवर्णीय अमेरिकी लोकप्रिय संगीताचा, आणि उपज करताना मूळ धून हाताबाहेर जाऊ द्यायची नाही. झालं स्मूद जॅझ. क्रीड टेलर या निर्मात्याने १९६७ मध्ये सीटीआय ही ध्वनिमुद्रण संस्था काढली, तिथून ही वाट रुंद होत गेली. १९७६ मध्ये गिटारवादक जॉर्ज बेन्सनचा 'ब्रीझिन' आला आणि अमेरिकेतल्या जॅझ, पॉप आणि आर अँड बी अशा तिन्ही याद्यांत पहिल्या क्रमांकावर गेला. १९८० मध्ये ग्रोव्हर वॉशिंग्टन ज्युनिअरचा 'वाइनलाइट' आला. हे वाजलं तेव्हा कुणी त्याला स्मूद जॅझ म्हणत नव्हतं. ते नाव पुढे रेडिओवाल्यांनी रुळवलं. लॉस एंजेलिसचं 'द वेव्ह' हे केंद्र फेब्रुवारी १९८७ मध्ये सुरू झालं आणि मग अशा केंद्रांची रांगच लागली. म्हणजे हे घराणं नाही, रेडिओचं दुकान आहे. पण दुकानातला सगळा माल टाकाऊ असतो असं थोडंच आहे!

जाणकार मंडळी स्मूद जॅझचं नाव काढलं की नाक का मुरडतात?

कारण त्यातलं बरंचसं खरोखरच गुळमट आहे. सॅक्सोफोनवर लांब सूर धरायचा, मागे यंत्राचा ठेका लावायचा, की झाला तुकडा. हॉटेलच्या लिफ्टमध्ये वाजतं ते हेच.

भांडणाचा सगळ्यात गाजलेला प्रसंग केनी जी या सोप्रानो सॅक्सोफोनवादकाचा. १९९९ मध्ये त्याने लुई आर्मस्ट्राँग या जॅझमधल्या दिग्गजाच्या जुन्या ध्वनिमुद्रणावर आपलं वादन चढवलं. आर्मस्ट्राँगला जाऊन तेव्हा २८ वर्षं झाली होती. गिटारवादक पॅट मेथेनी त्यावर जाहीरपणे असा काही तुटून पडला की आजही लोक ते शोधून वाचतात. गंमत म्हणजे मेथेनीचं स्वतःचं काही वादन इतकं मऊ आहे, की डोळे मिटून ऐकणारा त्यालाही याच खणात ठेवेल.

माझं मत असं, की मऊपणा हा दोष नाही. सुगम संगीताला 'हे शास्त्रीय नाही' म्हणून नावं ठेवण्यात काय हशील? वादक विचार करतोय की नुसता सूर पसरतोय, एवढं बघावं. 'वाइनलाइट'मध्ये ड्रम स्टीव्ह गॅडचे आणि बेस मार्कस मिलरचा आहे. एकदा सॅक्सोफोन सोडून फक्त बेसकडे कान लावा. तिथे गुळमट काही नाही.

पण याचा उन्हाळ्याशी काय संबंध? ही जाहिरातवाल्यांची कल्पना नाही ना?

थोडी आहे. 'समर जॅझ' या लेबलावर भरपूर माल खपतो. तरीही माझ्यापुरतं कारण खरं आहे आणि ते एका शब्दात सांगता येतं: जागा.

दुपारी दोन वाजता, कूलरसमोर, डोकं जड झालेलं असताना द्रुत तानांची बरसात सहन होत नाही. आवर्तन दाटीवाटीने भरलेलं नको वाटतं. दोन वाक्यांच्या मध्ये कुणी श्वास घ्यायला थांबलं तर बरं वाटतं. चांगलं स्मूद जॅझ आणि चांगलं फ्युजन (वेगवेगळ्या देशांच्या संगीतांची सरमिसळ) ही जागा सोडतं. नुसती लय विलंबित असून भागत नाही. संथ लयीतही एखादा वादक जागा सोडत नाही, आणि मध्यलयीतही एखादा मोकळं वाजवतो. तेव्हा यादी करताना मी चाल किती गोड आहे हे बघत नाही, वादकाने काय काय वाजवलं नाही ते बघतो.

उन्हाळी संगीत उष्ण देशातूनच यायला हवं असंही नाही. बोसा नोव्हा हे रिओच्या किनाऱ्याचं संगीत. पण ते जगभर पोचवणारी 'गेट्झ/जिल्बर्टो' ही तबकडी मार्च १९६३ मध्ये, थंडी पुरती न सरलेल्या न्यूयॉर्कमध्ये दोन दिवसांत मुद्रित झाली. इथिओपियन जॅझचं गाव आदिस अबाबा समुद्रसपाटीपासून २,३०० मीटरच्या वर आहे. तिथे आमच्यासारखा मे कुणी पाहिलेलासुद्धा नसेल.

काही वाद्यं ऐकल्यावर गार का वाटतं?

मन म्हणतं म्हणून, हे अर्धं उत्तर. उरलेलं अर्धं आवाजाच्या घडणीत आहे. ज्या आवाजात वरच्या पट्टीतले, टोचणारे उपस्वर कमी, तो कानाला मऊ लागतो. ट्रम्पेट आणि फ्लुगलहॉर्न दिसायला भाऊभाऊ. पण ट्रम्पेटची नळी बरीच लांबवर सारख्या जाडीची असते आणि फ्लुगलहॉर्नची हळूहळू रुंदावत जाते, म्हणून त्याचा आवाज झाकलेला, गोलसर येतो. नायलॉनच्या तारांची गिटार पोलादी तारांच्या गिटारीपेक्षा मऊ वाजते. ऱ्होड्स या इलेक्ट्रिक पियानोत हातोडी तारेवर पडत नाही, धातूच्या बारीक कांडीवर पडते. म्हणून त्यातून पाण्याने भरलेल्या काचेच्या पेल्यावर टिचकी मारावी तसा नाद निघतो.

माझं लाडकं उदाहरण व्हायब्राफोन. धातूच्या पट्ट्या, त्यांच्याखाली नळ्या आणि नळ्यांच्या तोंडाशी मोटरवर फिरणाऱ्या चकत्या. चकती फिरली की नळी उघडते-मिटते आणि सूर हलका डोलतो. थोडक्यात, या वाद्यात खरोखरच पंखे बसवलेले असतात!

वर्ल्ड फ्युजन म्हणजे सतारीमागे ड्रम वाजवायचे, असंच ना?

तसं बरंच झालंय आणि तेच फ्युजनच्या बदनामीचं कारण आहे. एका बाजूने आलाप, दुसऱ्या बाजूने गिटार, शेवटी सगळे मिळून तिहाई, टाळ्या. दोन पाहुणे एकाच सोफ्यावर बसलेत, पण एकमेकांशी बोलत नाहीत, असं ते वाटतं.

बोलणं म्हणजे काय ते 'शक्ती'कडे ऐकावं. जॉन मॅक्लॉफलिन हा इंग्लिश गिटारवादक, तबल्यावर झाकीर हुसेन, व्हायोलिनवर एल. शंकर, घटमवर विक्कू विनायकराम. १९७५ साली अमेरिकेत त्यांच्या मैफलीचं मुद्रण झालं, ते पुढच्या वर्षी बाहेर आलं. मॅक्लॉफलिनने त्यासाठी खास गिटार बनवून घेतली होती. तिच्या पोटावरून आडव्या तरफेच्या तारा जायच्या, आणि दोन पडद्यांमधली पट्टी खोलगट कोरलेली होती, म्हणजे तार दाबून मिंड काढता यावी. आपलं वाद्य समोरच्याच्या भाषेसाठी कोरून घेणारा माणूस आणि सतारीवाल्याला दोन तासांसाठी स्टुडिओत बोलावणारा निर्माता, हा फरक ऐकू येतो.

'शक्ती'चा 'धिस मोमेंट' जून २०२३ मध्ये आला. स्टुडिओतल्या आधीच्या कामानंतर तब्बल ४६ वर्षांनी! त्यात गायक शंकर महादेवन. चेंबूरला वाढलेले, मराठी आपल्यासारखंच बोलणारे. सोबत व्हायोलिनवर गणेश राजगोपालन आणि तालवाद्यांवर सेल्वगणेश, म्हणजे विक्कूंचे चिरंजीव. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याला ग्रॅमी मिळालं. त्याच वर्षी १५ डिसेंबरला झाकीरभाई गेले. त्यानंतर काही महिने मला हा अल्बम लावता आला नाही. आता लावतो. त्यातला 'मोहनम' आधी ऐका. मोहनम म्हणजे आपला भूप. ओळखीचा सूर धरून आत शिरायला सोपं जातं.

अलीकडचं काय ऐकू? नावं सांगा.

क्रमाने नाही, जसं आठवतंय तसं सांगतो.

ख्रुआंगबिन या टेक्सासमधल्या त्रिकुटाचा 'आ ला साला' (एप्रिल २०२४). त्रिकुटाचं नाव थाई भाषेतलं, अर्थ विमान. जुन्या थाई फंक संगीतावर पोसलेली मंडळी. गिटार, बेस, ड्रम, बस्स. अल्बमच्या नावाचा अर्थ 'बैठकीच्या खोलीत चला'. बेसवादक लॉरा ली लहानपणी घरातल्यांना अशी हाक मारून गोळा करायची. जागा सोडणं म्हणजे काय, हे मी लोकांना यांच्याच वादनातून दाखवतो.

अरूज आफताबचा 'नाइट रेन' (इथे रेन म्हणजे राज्य, पाऊस नव्हे; मे २०२४). लाहोरला वाढलेली, न्यूयॉर्कमध्ये राहणारी गायिका. यात तिने माह लका बाई चंदा यांची रचना गायली आहे. त्या अठराव्या शतकातल्या, दखनच्या हैदराबादेतल्या कवयित्री. म्हणजे न्यूयॉर्कचा अल्बम, पण शब्द आमच्या शेजारचे. हा दुपारी लावू नका, वाया जातो.

नाला सिनेफ्रोचा 'एंडलेसनेस' (सप्टेंबर २०२४). हार्प आणि सिंथेसायझर. दहा तुकडे, पण मध्ये कुठे तोडू नये. सलग ऐकावा, लोळत ऐकला तरी चालेल.

अनुष्का शंकर यांचा 'वी रिटर्न टु लाइट' (मार्च २०२५). तीन भागांच्या मालिकेतला शेवटचा. सरोदवर आलम खान, म्हणजे अली अकबर खानांचे चिरंजीव, आणि ड्रमवर सारथी कोरवार. रविशंकर आणि अली अकबर यांची पुढची पिढी एकत्र बसलीये हे मनात आणून ऐकलं तर मजा वाढते. आणलं नाही तरी ऐकण्याजोगा आहे.

अन्वर ब्राहेमचा 'आफ्टर द लास्ट स्काय' (मार्च २०२५). ऊद हे अरबी तंतुवाद्य वाजवणारा ट्युनिशियाचा वादक, सोबत चेलो, पियानो आणि डेव्ह हॉलंडचा बेस. नाव पॅलेस्टिनी कवी महमूद दरवीश यांच्या कवितेतल्या ओळीवरून आलंय आणि मनात गाझा आहे. आनंदी संगीत नाही, हे आधीच सांगतो.

आणि खास स्मूद हवं असेल तर सॅक्सोफोनवादक बोनी जेम्सचा 'स्लो बर्न' (२०२४) आणि पियानोवादक बॉब जेम्सचा 'जॅझ हँड्स' (२०२३). दोघांच्या नावात 'जेम्स' आहे, पण नातं काही नाही. बॉब जेम्स तेव्हा ८३ वर्षांचे होते. बोटं ऐकून वाटणार नाही.

दिवसाच्या कुठल्या वेळी काय लावावं?

हा प्रश्न फक्त आपल्याकडेच विचारला जातो आणि मला तो फार आवडतो. रागांना वेळा आहेत, तर यांना का नसाव्यात?

पहाटे गच्चीवर कुरडया-पापडाचं वाळवण चालू असताना मुलातु अस्तात्के. इथिओपियन जॅझचा जनक, वाद्य तेच पंखेवालं व्हायब्राफोन. तिथल्या तिझिता नावाच्या स्वरमालिकेचा एक प्रकार म्हणजे तंतोतंत भुपाचे स्वर. आमच्या आईने पहिल्यांदा ऐकलं तेव्हा साबुदाण्याची पळी हातात धरूनच विचारलं, "हा भूप असा लंगडत का चाललाय?" याहून नेमकं परीक्षण माझ्या वाचनात नाही.

दुपारी सारंगाची वेळ. वृंदावनी सारंगात गंधार आणि धैवत नाहीत, मोजकेच स्वर, म्हणूनच बहुधा तो भर उन्हात सहन होतो. दुपारच्या जॅझलाही मी तीच फूटपट्टी लावतो. ख्रुआंगबिन, 'वाइनलाइट', नायलॉन तारांची गिटार. ऊन उतरताना, अंगणात सडा घालून झाल्यावर बोसा नोव्हा. रात्री गादी गच्चीवर गेली की अरूज आफताब किंवा अन्वर ब्राहेम, आवाज अगदी कमी. शेजारची गच्चीही झोपलेली असते.

नवतपात, म्हणजे २५ मेपासूनच्या त्या नऊ दिवसांत, दुपारी काहीही लावू नये. वीजच नसते.

मला जॅझ कळत नाही. हे सगळं डोक्यावरून जाणार नाही ना?

तुम्ही जॅझ लहानपणापासून ऐकताय, फक्त तुम्हाला कुणी सांगितलं नाही. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात १९३० च्या दशकात जॅझ वाजायचं आणि थोड्याच काळात ते गोव्याच्या वादकांच्या हाती आलं. चर्चच्या शाळेत स्वरलिपी वाचायला शिकलेली ही मुलं रात्री हॉटेलात वाजवायची आणि सकाळी सिनेमाच्या स्टुडिओत. ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, मूळ नाव अँतोनिओ शाव्हिएर वाझ, हा आपल्या सी. रामचंद्रांचा साथीदार होता. १९५१ च्या 'अलबेला'त तो आपल्या बँडसकट पडद्यावर दिसतो. चितळकर अण्णांच्या गाण्यावर तुमचा पाय हलला असेल तर पुढचं शिकवायची गरज नाही.

पुढे १९६८ मध्ये शंकर-जयकिशन यांनी राग आणि जॅझ यांची एक तबकडीच काढली. सतार रईस खान यांची, सॅक्सोफोन मनोहारी सिंग यांचा. लंडनमध्ये संगीतकार जॉन मेयर आणि सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांनी तोच खटाटोप १९६६ पासून चालवला होता. तेव्हा 'फ्युजन ही आजकालच्या पोरांची थेरं' असं कुणी म्हणालं तर ही सालं तोंडावर फेकावीत.

सॅक्सोफोनवर राग खरंच वाजतो का?

वाजतो. कद्री गोपालनाथांनी कर्नाटक संगीत आयुष्यभर त्यावर वाजवलं, त्यासाठी वाद्यात बदलही करून घेतले. न्यूयॉर्कच्या रुद्रेश महंतप्पा या सॅक्सोफोनवादकाबरोबर त्यांचा २००८ चा 'किन्समेन' आहे. मात्र तो दुपारचा नव्हे. झणझणीत आहे.

कूलरच्या आवाजात काही ऐकूच येत नाही. काय करू?

आवाज वाढवू नका, संगीत बदला. कूलरचा घरघराट खालच्या पट्टीतला बेस आणि चेलो गिळून टाकतो. त्यात हातात मावणारा छोटा स्पीकर असेल तर त्यात मुळात बेस नसतोच. अशा वेळी मधल्या पट्टीत वाजणारं काही लावा: बासरी, गिटार, व्हायब्राफोन. स्पीकर कूलरच्या रेषेत नको, तुमच्या जवळच्या भिंतीच्या कोपऱ्यात ठेवा. भिंतीमुळे खालचे सूर जरा भरतात.

कानात इयरफोन घालून कूलरवर मात करायला जाल तर आवाज नकळत वर जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मोठ्या माणसाने ८० डेसिबलवर आठवड्याला ४० तासांपेक्षा जास्त ऐकू नये. आणि स्पीकर गच्चीवर विसरू नका. माझा एक एप्रिलभर दुपारी कठड्यावर राहिला. बॅटरी पापडासारखी फुगली.

'समर जॅझ : दहा तास' असे व्हिडिओ असतात, ते चालतील का?

मागे काहीतरी वाजत राहायला हवं असेल तर चालतील. पण वादकांची नावं शोधून पाहा. बहुतेकदा सापडत नाहीत, कारण ती कुठे दिलेलीच नसतात. काही यंत्राने जुळवलेलं असतं, काही कुण्या स्टुडिओने घाऊक बनवून घेतलेलं. खिडकी, पाऊस, कॉफीचा कप आणि कुणीच नाही. मी दोन तास एक लावून पाहिला. वाईट नव्हता, पण बंद केल्यावर एक सूर आठवेना. पन्ह्याच्या नावाखाली सरबताची पावडर विकतात, तसं काहीसं.

अभ्यास करताना किंवा झोपताना?

अभ्यासाला शब्द नसलेलं लावा. झोपताना लावणार असाल तर टायमर लावा आणि ज्या वादकाबद्दल तुम्हाला आदर आहे त्याला त्या कामाला लावू नका.

प्रत्यक्ष कुठे ऐकायला मिळेल?

खरं सांगायचं तर उन्हाळा हा आपल्याकडे मैफलींचा हंगाम नाही. मोठे महोत्सव थंडीत होतात. मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्रात जॅझचे कार्यक्रम होत असतात, गोव्यात हंगाम ओसरला तरी छोट्या जागांत वादक भेटतात. एक तारीख मात्र उन्हाळ्यातच येते: ३० एप्रिल, आंतरराष्ट्रीय जॅझ दिन. युनेस्कोने २०११ मध्ये तो जाहीर केला, पुढच्या वर्षीपासून साजरा होतो. पियानोवादक लुई बँक्स यांनी मुंबईत या दिवसाच्या मैफली बरीच वर्षं लावून धरल्या. दुसऱ्या दिवशी महाराष्ट्र दिनाची सुट्टी असतेच, त्यामुळे रात्र लांबली तरी घरचे बोलत नाहीत.

एवढं सगळं नको. एकच सांगा.

'ॲज वी स्पीक', २०२३. बेला फ्लेकचा बँजो, एडगर मेयरचा डबल बेस, झाकीर हुसेन यांचा तबला आणि राकेश चौरसियांची बासरी. बँजो अमेरिकेच्या खेड्यातला, बासरी मुंबईत हरिप्रसादांच्या हाताखाली घडलेली, आणि कुणी कुणाच्या वाटेत येत नाही. बँजोचा नाद आखूड, लगेच विझणारा, आणि बासरीचा सूर लांब. एक थेंब टाकतो, दुसरी त्याचे तरंग लांबवर नेते. यात झाकीरभाई कितीतरी वेळा नुसते थांबलेले ऐकू येतात. ते थांबतात तिथे लक्ष द्या. साडेचारच्या सुमाराला लावा, चहाचं आधण ठेवायच्या आधी.